घुम्या नायकांची गर्दी

एकाच राजपुत्राशी माझी वर्षभराच्या अंतरानं दोनदा गाठ पडली, आणि दुसऱ्या खेपेला मी त्याला ओळखलंच नाही.

पहिली भेट २००३ साली आलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गेममधली. रात्रीची वेळ, सज्जात वाऱ्यानं हलणारे पडदे आणि गोष्ट सांगायला निघालेला एक तरुण. ती गोष्ट म्हणजेच अख्खा गेम. खेळताना आपला अंदाज चुकला, राजपुत्र कड्यावरून खाली पडून मेला, की त्याचाच आवाज यायचा : छे छे, असं नव्हतं झालं, जरा मागून सांगतो. आणि आपण पुन्हा कड्यावर उभे. बढाईखोर, बडबड्या, स्वतःशीच वाद घालणारा, फराह नावाच्या राजकन्येशी भांडता भांडता तिच्यावर जीव जडवून बसलेला असा तो पोरगा होता. फराह आपल्याकडची, भारतातल्या एका महाराजाची मुलगी. गेमची सुरुवातच त्या महाराजाच्या महालावरच्या हल्ल्यानं होते.

दुसरी भेट पुढच्या वर्षी आलेल्या 'वॉरियर विदिन'मध्ये. नाशिकच्या एका सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये मोजून, मित्राच्या शेजारी खुर्ची ओढून मी बसलो होतो. पडद्यावर समुद्रात हेलकावणारं जहाज, चारी बाजूंनी शत्रू. राजपुत्राचे केस वाढलेले, दाढीचे खुंट, कपाळावर कायमची आठी. कानावर गॉडस्मॅक या अमेरिकी बँडचं कर्कश मेटल संगीत. बडबड संपली होती; आता तो गुरगुरत होता. मित्र म्हणाला, "आता कसा मर्द वाटतो!" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, वीस वर्षं उशिरा दिलेलं.

रंग काळा, पाप हलकं

आपल्या भाषेत अशा माणसाला नेमका शब्द आहे : घुमा. बोलत नाही, हसत नाही, आतल्या आत कुढतो, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच्या कलानं घ्यावं अशी त्याची अपेक्षा असते. गेल्या पंचवीस वर्षांत मोठ्या बजेटच्या, गोष्ट सांगणाऱ्या व्हिडिओ गेम्समध्ये या घुम्यांनी नायकाची गादी बळकावली आहे. सगळेच गेम असे नसतात. जगात सर्वाधिक खपलेला 'माइनक्राफ्ट' २०२३ पर्यंत ३० कोटी प्रतींच्या पुढे गेला, आणि त्यात घुमं कोणीच नाही. पण ज्या गेम्सची जाहिरात सिनेमासारखी होते, ज्यांना पुरस्कार मिळतात, ज्यांच्यावर मालिका निघतात, त्यांच्या वेष्टनांवर एक नजर टाका. पाठमोरा किंवा खाली मान घातलेला पुरुष, हातात शस्त्र, मागे राखाडी आभाळ. चार वेष्टनं शेजारी ठेवली तर कुठला चेहरा कुठल्या गेमचा, हे सांगायला नाव वाचावं लागतं.

या घुमेपणाला 'प्रगल्भ' म्हणायची पद्धत पडली आहे. त्याच दोन राजपुत्रांना पुन्हा समोर उभं करा. पहिला राजपुत्र बडबड्या खरा, पण त्याच्या माथ्यावर काय आहे? बापाच्या नजरेत मोठं होण्यासाठी त्यानं महाराजाच्या खजिन्यातून खंजीर पळवला. एका कारस्थानी वजिराच्या बोलण्याला भुलून त्यानं काळाची वाळू मोकळी केली, आणि अख्खं नगर भुताटकीनं झपाटलं. त्याचा बापही त्यातून सुटला नाही, आणि त्या झपाटलेल्या बापावर मुलालाच तलवार उगारावी लागली. हे सगळं त्याच्या एका चुकीनं झालेलं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक. म्हणून तो बोलत राहतो. लाज लपवायला माणसं बोलतात, तसा. शेवटी काळ मागे फिरवून तो फराहसमोर सगळी कहाणी मांडतो आणि पळवलेला खंजीर तिच्या हाती परत देतो. चोरीचा माल मालकाला परत. याहून मोठा शेवट कुठला हवा?

दुसरा राजपुत्र दिसायला कितीतरी काळाकभिन्न, पण त्याचा सगळा खटाटोप कशासाठी? दहाका नावाचा राक्षस त्याच्या मागे लागलाय आणि त्याला स्वतःचा जीव वाचवायचाय. बस्स. म्हणजे नायकाचा रंग गडद झाला आणि पाप हलकं झालं. पहिल्या गेमवर तेरा वर्षांवरील मुलांसाठीचा शिक्का होता, दुसऱ्यावर सतरा वर्षांवरील. वय वाढलं, जबाबदारी घटली.

हे मत माझ्या एकट्याचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण या राजपुत्राचा जन्मदाता जॉर्डन मेकनर यालाही तेच खुपलं होतं. १९८९ चा मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' त्यानं एकहाती घडवला. राजपुत्राची धाव आणि उडी खऱ्या माणसासारखी दिसावी म्हणून त्यानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट पुन्हा रेखाटली. 'सँड्स ऑफ टाइम'ची कथा त्याचीच. 'वॉरियर विदिन'च्या निर्मितीत मात्र तो नव्हता. २००५ मध्ये एका मुलाखतीत त्यानं स्वच्छ सांगितलं की, त्या गेमचा एकंदर रंगढंग आणि हिंसा आपल्याला पसंत नाही. २००५ च्याच 'द टू थ्रोन्स'मध्ये गेम बनवणाऱ्या कंपनीनं मधला मार्ग काढला : राजपुत्राच्या अंगात दोन राजपुत्र, एक उजळ आणि एक काळा. पहिल्या राजपुत्राचा आवाज, अभिनेता युरी लोवेन्थाल, परत आला. घुम्याला आवरायला बडबड्यालाच बोलवावं लागलं.

साथ कशी पसरली

राजपुत्राचं झालं ते त्या काळात अनेकांचं झालं. २००१ चा 'जॅक अँड डॅक्स्टर' हा रंगीत, खेळकर गेम. त्यातला जॅक एक शब्द बोलत नाही, पण चेहरा सदा प्रसन्न. २००३ च्या दुसऱ्या भागात त्याला दोन वर्षं तुरुंगात छळलेलं दाखवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून तो काय म्हणतो, तर एकाला ठार मारणार असं. २००५ मध्ये सेगानं सॉनिकच्या विश्वातल्या काळ्या हेजहॉगला, शॅडोला, स्वतंत्र गेम दिला आणि हातात बंदूक दिली. २००६ मध्ये 'बॉम्बरमॅन'ची पाळी आली. गोल डोक्याचा, गुलाबी हातांचा तो गोड बाहुला 'अ‍ॅक्ट झिरो'मध्ये काळपट चिलखत घालून भकास तळघरात लढू लागला. समीक्षकांनी त्या गेमची पार सालटी काढली.

यामागची कारणं शोधायला फार खोल जावं लागत नाही. १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये हिंसक गेम्सबद्दल सुनावण्या झाल्या, आणि १९९४ पासून तिथे वयानुसार शिक्के मारणारं मंडळ सुरू झालं. मुलांना जपण्यासाठी काढलेला 'प्रौढांसाठी' हा शिक्का विक्रेत्यांच्या हातात पडला आणि जाहिरात बनला. दरम्यान ऐंशीच्या दशकात खेळायला लागलेली पोरं मोठी झाली. अमेरिकेत खेळाडूचं सरासरी वय तिशीपलीकडे गेलं. या माणसांना आपला छंद पोरकट नाही हे जगाला पटवायचं होतं. २००१ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३'नं गुन्हेगाराला नायक करून प्रचंड धंदा केला. त्याच वर्षी फिनलंडच्या रेमेडी स्टुडिओचा 'मॅक्स पेन' आला : न्यूयॉर्कचा पोलीस, बायको आणि तान्ही मुलगी मारली गेलेली, बर्फाची रात्र, मनातल्या मनात चाललेलं कडवट निवेदन. चाळीसच्या दशकातले गुन्हेपट आणि फ्रँक मिलरनं १९८६ मध्ये कॉमिक्समधून उभा केलेला म्हातारा, कडवट बॅटमॅन यांचा वारसा त्यात सरळ दिसतो. 'मॅक्स पेन' उत्तमच होता. पण त्यानंतर घरोघरी मॅक्स पेन जन्माला आले.

गंमत म्हणजे, घुम्यांच्या या परंपरेचा जपानी आजोबा वेगळीच साक्ष देतो. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७' मधला क्लाउड स्ट्राइफ, टोकदार केसांचा, खांद्यावर हातभर रुंद तलवार, कशाचंच सोयरसुतक नसल्यासारखा. अर्ध्याहून अधिक गेम झाल्यावर कळतं की हे सगळं उसनं आहे. ज्या पराक्रमी सैनिकाचा तो आव आणतो तो दुसराच कोणी, त्याचा मेलेला मित्र होता. धक्क्यानं मन मोडलेल्या एका साध्या, लाजाळू पोरानं मित्राच्या आठवणी पांघरल्या होत्या. घुमेपणा हे सोंग आहे आणि ते उतरवल्यावरच माणूस बरा होतो, हे त्या गेमनं १९९७ मध्येच सांगून ठेवलं. नंतरच्यांनी त्याची तलवार घेतली, केस घेतले, आठी घेतली, आणि नेमकं हेच सोडून दिलं.

मारायचं आहे, मग कारण हवं

आता मुळाशी येऊ. कादंबरीत नायक काय करतो? बोलतो, विचार करतो, चुकतो, लग्न करतो, गाव सोडतो. मोठ्या बजेटच्या गेममध्ये नायक बहुतेक वेळ काय करतो? मारतो. हातातल्या कंट्रोलरवरची मुख्य बटणं त्यासाठीच असतात. वीस-पंचवीस तासांच्या खेळात शेकडो माणसं पडतात. मग लेखकापुढे प्रश्न उभा राहतो : इतकी माणसं मारणारा हा कोण, आणि तरीही मी त्याच्या बाजूनं का असावं?

याला सगळ्यात स्वस्त उत्तर एकच : त्याचं कोणीतरी मेलंय. घुमा नायक अशा रीतीनं बटणांच्या गरजेतून जन्माला येतो आणि साहित्याचं नाव लावून मिरवतो. कथा आणि कृती यांची ही फारकत क्लिंट हॉकिंग या गेम रचनाकारानं २००७ मध्ये 'बायोशॉक' या गेमवर लिहिताना नेमकी पकडली आणि तिला नाव दिलं. ते नाव या धंद्यात इतकं रुळलं की, २०१६ च्या 'अनचार्टेड ४'मध्ये एक हजार शत्रू मारल्यावर जो चषक मिळतो, त्यालाच ते देऊन टाकलं.

त्यात पैशाचं गणित मिसळतं. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीनं दिलेल्या कागदांवरचे आकडे काळ्या शाईनं नीट झाकले गेले नाहीत, आणि 'द लास्ट ऑफ अस : भाग २' या गेमला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आल्याचं जगाला कळलं. एवढी रक्कम लावणारा माणूस चाललेला घोडाच पुन्हा धावायला सोडतो. मागच्या खेपेला दुःखी बाप चालला, तर या खेपेलाही दुःखी बापच.

पहिल्या दहा मिनिटांतल्या बायका

या स्वस्त उत्तराची किंमत कोण मोजतं? मॅक्स पेनची बायको आणि मुलगी. 'गॉड ऑफ वॉर'मधल्या क्रेटॉसची बायको आणि मुलगी. 'द लास्ट ऑफ अस'मधल्या जोएलची मुलगी. कॉमिक्सलेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्येच, नायकाला पेटवण्यासाठी मारल्या, छळल्या गेलेल्या बायकांची यादी करून ही खोड उघडी पाडली होती. कॉमिक्सनं धडा थोडाफार घेतला. गेम्सनी तीच खोड सुरुवातीच्या दहा मिनिटांत बसवली. या बायकांना आवडनिवड नसते, भांडण नसतं, विनोद नसतो. त्या एका उन्हाळी आठवणीत हसतात, पांढरा झगा घालतात आणि मरतात.

जोएलची मुलगी सारा याला थोडा अपवाद आहे, आणि तो अपवाद शिकण्यासारखा आहे. २०१३ च्या त्या गेममध्ये आपण सुरुवातीला जोएल नसतो. आपण सारा असतो. बापाच्या वाढदिवसाला तिनं घड्याळ आणलंय. रात्री तिला जाग येते, घर अंधारं आहे, आणि आपण तिची पावलं टाकत खोल्याखोल्यांतून बापाला शोधतो. त्या काही मिनिटांत ती माणूस होते. म्हणून तिचं जाणं खरं लागतं, आणि पुढचे वीस तास जोएलच्या मनगटावरचं ते बंद पडलेलं घड्याळ डोळ्यांत सलत राहतं.

मराठी वाचकाला हे नवं नाही. 'कोसला' १९६३ ची. तिचा पांडुरंग सांगवीकर कुठल्याही मापानं नायक म्हणून बसत नाही. परीक्षेत नापास, पैसे उडवणारा, बापाशी न पटणारा. आपल्या कादंबरीतला हा सगळ्यात गाजलेला अँटिहिरो घुमा मात्र अजिबात नाही. तो आपल्याला पोट धरून हसवतो. आणि त्याच पुस्तकात धाकट्या मणीचा मृत्यू येतो तेव्हा ज्या वाचकाला आत्तापर्यंत हसू आवरत नव्हतं, त्याला पान उलटवत नाही. हसणं आणि हंबरणं एकाच माणसाच्या घशातून येतं हे ज्याला कळलं, त्यालाच शोकाचं वजन पेलतं. हिंदी सिनेमाचंही बघा. १९७५ या एकाच वर्षात अमिताभ बच्चन 'दीवार'मध्ये धुमसत होते आणि 'चुपके चुपके'मध्ये वनस्पतिशास्त्र शिकवण्याचं नाटक करत होते. 'अँग्री यंग मॅन'च्या ऐन भरातही पडद्यानं हसणं सोडलं नव्हतं.

अश्वत्थाम्याची जखम

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात, अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत तिथे यात्रा भरते आणि भाविक रात्रीबेरात्री डोंगर चढतात. श्रद्धा अशी की, कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा अजून त्या रानात हिंडतो.

अश्वत्थाम्याचं दुःख खोटं नव्हतं. बापाला कपटानं मारलं होतं, आणि त्या कपटात त्याचंच नाव वापरलं होतं. आजच्या गेमलेखकाच्या हाती तो लागला असता तर त्याचा नायक व्हायला पाच मिनिटं पुरली असती. पण महाभारत त्याला सवलत देत नाही. रात्री छावणीत शिरून झोपलेल्या पोरांना मारलंस, तुझा बाप कसा मेला हे खरं असूनही ते पाप तुझंच, असं ती कथा म्हणते. त्याची जखम त्याच्या अंगावर दागिन्यासारखी मिरवत नाही. ती नासते, दुखते, आणि तिच्यासाठी दारोदार तेल मागावं लागतं.

घुम्या नायकांच्या गर्दीतले खरे आणि नकली ओळखायला मला हीच कसोटी सापडते. नायकाची जखम म्हणजे त्याला मिळालेला परवाना आहे, की त्याच्या डोक्यावरचं देणं?

२००५ चा क्रेटॉस परवानाधारक होता. देवाच्या कपटानं त्याच्या हातून बायको-मुलीचा जीव गेला. त्यांची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटली, म्हणून तो पांढराफटक. कल्पना भव्य, अश्वत्थाम्याच्या तोडीची. पण तिचा वापर कसा झाला? २०१० च्या तिसऱ्या भागात पोसायडनच्या महालात एक साखळदंडानं बांधलेली स्त्री आहे. दार उघडं राहावं म्हणून क्रेटॉस तिला फरपटत नेतो आणि यंत्राच्या चाकाशी अडकवून ठेवतो. ती ओरडत असते. तो दारातून जातो, ती चिरडून मरते, आणि गेम पुढे सरकतो. बायकोच्या राखेनं माखलेला माणूस दुसऱ्या बाईला पाचर म्हणून वापरतो आणि कथेला त्यात काही खटकत नाही! ती राख तोवर निव्वळ रंग होऊन गेली होती.

देणं फेडणारे

म्हणूनच २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' मला मोलाचा वाटतो. दिग्दर्शक कोरी बारलॉग यानं दुसरा भाग केला होता; मधल्या काळात तो बाप झाला होता. नव्या गेमच्या आरंभी क्रेटॉस झाड तोडतोय, दुसऱ्या बायकोच्या चितेसाठी. झाडाच्या बुंध्यावर तिच्याच हाताचा ठसा आहे. पुढचा सगळा प्रवास एकाच कामाचा : तिची रक्षा सर्वांत उंच शिखरावरून सोडायची, पोराला सोबत घेऊन. सूड नाही. एक कर्तव्य आहे, आपल्याकडे घरोघरी केलं जातं तसं.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. मुलाला शिकार शिकवायची आहे. अट्रेयस बाण मारतो, हरीण पडतं, पण मरत नाही. काम पुरं करायला पोराच्या हाती सुरा दिला जातो आणि त्याचा हात कापू लागतो. क्रेटॉस आपला भला थोरला पंजा त्याच्या हातावर ठेवतो आणि सुरा आत जातो. नंतर पोराच्या पाठीवर ठेवायला त्याचा हात पुढे येतो. येतो, हवेत थबकतो आणि मागे जातो. शेकडो देवदैत्य फाडणाऱ्या त्या हाताला मुलाच्या पाठीवर टेकण्याचं धैर्य होत नाही. एक शब्द नाही, आणि घुमेपणाचा सगळा अर्थ त्यात आला. हा माणूस गप्प आहे, कारण बोलायला लागला तर पोराला आपण कोण होतो हे सांगावं लागेल. साखळ्यांचे व्रण त्यानं मनगटांवरच्या पट्ट्यांखाली झाकलेत. पुढचा गेम म्हणजे ते गुपित थोडं थोडं मुलापुढे उलगडत जाण्याची गोष्ट आहे. २०२२ च्या 'रॅग्नारॉक'नंतर, २०२३ च्या डिसेंबरात आलेल्या 'वालहल्ला' या विनामूल्य पुरवणीत तर तो आपल्याच तरुण रूपासमोर उभा राहून जुना हिशेब तपासतो.

त्याच २०१८ साली 'रेड डेड रिडेम्प्शन २' आला. काळ १८९९ चा. आर्थर मॉर्गन हा टोळीतला वसुलीवाला. थॉमस डाउन्स नावाच्या गरीब शेतकऱ्याकडे तो कर्ज वसूल करायला जातो आणि त्याला मारतो. डाउन्स खोकतो, आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. खेळताना ते लक्षातही राहत नाही. असल्या वसुल्या आपण किती करतो! कित्येक तासांनी आर्थर भर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतात : क्षय. चार दमड्यांच्या वसुलीनं जीव घेतला. पुढे त्याचे गाल बसतात, अंग वाळतं, दम लागतो, आणि तो दम खेळणाऱ्याच्या बोटांनाही जाणवतो, कारण आर्थरची शक्ती खरोखर लवकर संपू लागते. डाउन्सची विधवा त्याला पुन्हा भेटते, पोट भरण्यासाठी नको ते करावं लागलेली. तिच्या हाती पैसे ठेवताना तो क्षमेची अपेक्षाही करू शकत नाही. ही जखम परवाना नाही. ही जखम पावती आहे.

आणि २०१२ चा, बर्लिनच्या यागर स्टुडिओचा 'स्पेक ऑप्स : द लाइन' तर थेट आपल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईत कॅप्टन वॉकर पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर फॉस्फरस डागतो. डागतो म्हणजे आपण डागतो. त्या पडद्याच्या काचेत वॉकरचा चेहरा दिसत असतो. मग त्याच धुरातून चालत जावं लागतं, आणि कळतं की ते ठिपके आसऱ्याला आलेली साधी माणसं होती.

हे तीन गेम घुम्यांचेच आहेत. म्हणून माझी तक्रार दुःखाशी नाही, अंधाराशीही नाही. तक्रार आहे ती दुःखाचा हिशेब न देणाऱ्यांशी. असा एक आर्थर घडवायला हजारो माणसांची काही वर्षं लागतात. त्याच्या मागोमाग त्याची आठी उसनी घेणारे दहाजण येतात आणि त्या एकाचं मोलही कमी करतात.

एक श्वास, एक पीस

अतिरेकाचं आणखी एक नुकसान आहे, आणि ते पडद्याबाहेरचं आहे. खिन्नता हा नायकाचा पोशाख झाला की, खऱ्या खिन्नतेनं पिचलेल्या मुलांना चुकीचा निरोप जातो : गप्प राहणं म्हणजे ताकद, मदत मागणं म्हणजे हार. मोजक्या माणसांनी बनवलेला २०१८ चा 'सेलेस्ट' मला म्हणूनच औषधासारखा वाटतो. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते आहे, आणि तिला चिंतेचे झटके येतात. ती रोपवेच्या पाळण्यातून वर जात असताना पाळणा मध्येच अडकतो. तिचा श्वास कोंडतो, पडदा काळवंडतो. सोबतचा थिओ तिला सांगतो : समोर एक पीस आहे असं समज, आणि ते श्वासानं तरंगत ठेव. मग पडद्यावर पीस दिसतं, आणि आपण बटण दाबत, सोडत, तिच्याबरोबर श्वास घेऊ लागतो. ज्या बटणांनी आजवर गोळ्या झाडल्या, त्याच बटणांनी एका मुलीला श्वास घ्यायला मदत केली. पुढे तिच्या मनातली काळी बाजू वेगळी होऊन तिच्या मागे लागते. तिला मारून सुटका होत नाही. तिच्याशी बोलून, तिला जवळ घेऊन होते. आणि त्यानंतरच मॅडलिन पूर्वीपेक्षा उंच झेप घेते.

दुसरे रस्ते आहेत, आणि ते चालतात, हे आता धंद्यालाही दिसू लागलंय. एरिक बरोन यानं चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानं खपून केलेला, शेतीवाडी आणि गावकऱ्यांशी सलोखा एवढंच सांगणारा 'स्टार्ड्यू व्हॅली' २०२४ अखेर ४ कोटींहून अधिक प्रती खपला. त्याच डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मधला सर्वोत्कृष्ट गेमचा मान टोकियोत बनलेल्या 'अ‍ॅस्ट्रो बॉट'ला मिळाला. नायक कोण, तर टुणटुण उड्या मारणारा, निळ्या डोळ्यांचा एक हसरा यंत्रमानव.

आणि पुणं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं घडवलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी ते थांबले नाहीत. राजी डोंबाऱ्याच्या खेळात कसरती करणारी पोर आहे. राक्षसांनी तिचा धाकटा भाऊ गोलू पळवलाय. हातात दुर्गेचा त्रिशूळ, आणि गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. तिलाही कोणीतरी गमावल्याचं दुःख आहेच. पण तिचा प्रवास मेलेल्याच्या सुडासाठी होत नाही, जिवंत भावाला परत आणण्यासाठी होतो. एवढ्या एका फरकानं तिच्या प्रत्येक उडीत घाई आहे, माया आहे, भीती आहे.

एक पान

सायबर कॅफेतल्या त्या मित्राला मी आता सांगेन : तो दुसरा राजपुत्र मर्द नव्हता रे, तो फक्त गप्प होता. मर्दपणा पहिल्याकडे होता. त्यानं चोरी कबूल केली आणि वस्तू परत दिली.

पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात आज अनेक तरुण मुलंमुली गेम बनवायला शिकताहेत. त्यांच्यातली काही हा अंक चाळत असतील, निदान त्यांच्या घरी तरी हा अंक येत असेल. त्यांना एकच विनंती. तुमच्या नायकाची बायको, बहीण किंवा मुलगी पहिल्या दहा मिनिटांत मारून टाकण्याआधी तिच्यावर एक पान लिहा. ती सकाळी उठून काय करते, कशावर हसते, कशावरून चिडते, कोणती भाजी तिला अजिबात आवडत नाही, तिचं कोणाशी पटत नाही. ते पान मनापासून लिहा, आणि मग ठरवा. बहुतेक वेळा असं होईल की, तिला मारावंसं वाटणार नाही आणि गेमची नायिका तुम्हाला सापडलेली असेल. आणि तरीही मारावीच लागली, तर निदान तिच्या जाण्याचं देणं तुमचा नायक शेवटपर्यंत विसरणार नाही.